आधी नंबर, मग चावी

□ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □

“सीट पूर्ण मागं घ्या. अजून. हां. आता मॅट उचला.”

सुशीलनं मॅट उचललं. खाली धूळ, शेंगदाण्याचं एक टरफल आणि गंजलेला लोखंडी पट्टा.

“दिसून राहिला?”

“नाही काका. गंजच आहे.”

“त्याच्याच खाली असन. जाते कुठं?”

मनोहरराव उघड्या दारापाशी उकिडवे बसले होते, हातात रॉकेलचं फडकं. हुडकेश्वरच्या त्यांच्या घरापुढं पांढरी गाडी चारही दारं पसरून उभी होती. विकायची होती. पण त्यांची एक अट होती, आणि ती ते फोनवरच सांगत: आधी चेसिस नंबर, मग चहा, मग चावी.

का, ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. त्यांची पहिली गाडी चोरीची निघाली होती. पोलीस ओढून घेऊन गेले आणि शेजारी गॅलरीतून पाहत राहिले.

“लोक येतात, सीट दाबून पाहतात, गाणे लावून पाहतात,” ते म्हणाले. “नंबर कोणीच नाही पाहत. तुम्ही पहिले, ज्यांनी स्वतःहून विचारलं.”

“विचारावंच लागते काका,” सुशीलची बायको कामिनी म्हणाली. “नंबर खोटा निघाला तर आमची सगळी मेहनत पाण्यात. किती फिरलो! हेच मॉडेल, हेच साल, हाच रंग.”

“पांढराच काहून वं?”

“यांचा हट्ट.”

“पाहा बाप्पा. परवा धंतोलीत दवाखान्यासमोरून अशीच पांढरी चोरीले गेली. पेपरात वाचलं अन् पहिले बाहेर येऊन पाहिलं, माझी जागेवर आहे का नाही!”

तिघंही हसले. सुशील जरा उशिरा.

एम □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □

फडकं दोनदा फिरलं आणि गंजातून एक अक्षर वर आलं.

“आलं! काका, आलं!”

मनोहररावांनी आरसी कामिनीच्या हातात दिली. “तू वाच बेटा. मोठ्यानं. तो खाली पाहत जाईन.”

“एम,” कामिनी म्हणाली.

“आहे!” सीटखालून आवाज आला.

पुढचं अक्षर. “आहे!” त्याच्या पुढचं. “आहे!”

मनोहररावांच्या पत्नी गोपिकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “काय गा, हाउजी खेळून राहिले का काय?”

“थांब वं,” मनोहरराव म्हणाले. “रंगात आलं आहे.”

एम ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ? □ □ □ □ □ □

“तीन,” कामिनीनं वाचलं.

सीटखालून नुसतं फडकं घासल्याचा आवाज आला.

“तीन,” ती पुन्हा म्हणाली.

“इथं आठ दिसते.”

गोपिकाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मनोहररावांचा चेहरा असा झाला, जणू पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली होती.

“नाही. होऊच शकत नाही. शोरूममधून मी स्वतः आणली आहे.”

“आठच आहे काका.” सुशील गुडघे झटकत उठला. “मग काही उपयोग नाही. चल कामिनी.”

“सरका.”

मनोहरराव स्वतः पालथे झाले. अर्धं अंग गाडीत, पाय बाहेर, एक चप्पल निसटलेली. त्यांनी अंगठ्याच्या नखानं खरवडलं. पुन्हा खरवडलं. गंजाचा एक पापुद्रा सुटला.

“तीन! तीन आहे गा! पाह्य, डोळे फाडून पाह्य!”

सुशीलनं वाकून पाहिलं. मग डोळे मिटून घेतले. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता.

“तीन,” तो म्हणाला. “पुढं वाच. लवकर.”

एम ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■ ■

शेवटचा आकडाही जुळला, तेव्हा कामिनीनं गोपिकाबाईंना मिठीच मारली. चहा आला, चिवडा आला. सुशीलनं कपाला हात लावला नाही.

“छाप लागन काका. नंबरची. कर्जासाठी मागतात.”

त्यानं खिशातून पातळ कागद आणि पेन्सिल काढली. मनोहररावांनी कागद-पेन्सिल त्याच्या हातातून ओढूनच घेतली. “तुमच्या हातानं फाटन. द्या इकडं.”

कागद नंबरावर बसला. आडवी पेन्सिल हलकेच फिरत गेली आणि करड्या रंगात एकेक अक्षर पांढरं उमटलं, त्याच्या टोकांसकट, जरा डावीकडं कललेल्या त्या तीनसकट.

“दोन अक्षरांमधलं अंतर नीट आलं पाहिजे,” सुशील म्हणाला. “अजून एक काढता?”

“दोन काय, तीन काढतो. अन् थांबा, बॉनेट उघडतो. इंजिनचाही घ्या. अर्धं काम काहून करता?”

तोवर कामिनीनं आरसीचा फोटो काढून घेतला होता, दोन्ही बाजूंचा.

“आता चावी आणतो,” मनोहरराव म्हणाले. “उमरेड रोडवर एक चक्कर मारून या.”

“नंबर खरा, म्हणजे सगळं खरं, काका. चावी उद्या घेऊ.”

दोघं मोटरसायकलवर गेले. मनोहरराव फाटकाशी कितीतरी वेळ उभे होते.

“पाहिलं?” ते बायकोला म्हणाले. “असं गिऱ्हाईक पाहिजे.”

□ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □ □

उमरेड रोडच्या कडेला, टिनाच्या शेडमध्ये त्यांचा साथीदार विक्रम वाट पाहत होता. “खरा आहे?” “अस्सल,” सुशील म्हणाला आणि कागदाची घडी जपून उलगडली. विक्रमनं ताडपत्री ओढली. तेच मॉडेल, तेच साल, तोच पांढरा रंग. काचेवर धंतोलीतल्या दवाखान्याची पार्किंगची चिठ्ठी अजून चिकटलेली. सीट मागं सरकवलेली होती, मॅट उचललेलं होतं आणि खालचा लोखंडी पट्टा घासून घासून आरशासारखा कोरा केलेला होता. विक्रमनं हातोडी आणि लोखंडावर अक्षरं ठोकायचे पंच जवळ ओढले. कामिनीनं फोनमधला फोटो उघडला, घसा साफ केला.

“एम,” ती म्हणाली.