एकेचाळीस नंबरचा गाऊन

गाऊनमामांच्या पदरात त्या वर्षी एक प्रशस्तिपत्र पडायचं होतं. विद्यापीठाच्या भांडारातून अठ्ठावीस वर्षं त्यांनी पदवीदानाचे गाऊन वाटले आणि मोजून परत घेतले. वहीतला ‘डाग किंवा नुकसान’ हा रकाना कोरा तो कोराच. “हे शेवटचं वर्षही असंच गेलं, तर निरोपाला सन्मान तुमचाही,” असं कुलसचिव बोलून गेले होते. मामांनी लगोलग चौकट आणली, बैठकीच्या खोलीत खिळा ठोकला. “अहो, आधी मिळू तर द्या!” असं बायको म्हणाली, ते त्यांनी कानाआड केलं.

समारंभ संपला. पाच वाजता तीनशे बारांपैकी तीनशे अकरा गाऊन खुंट्यांवर आले. नव्हता तो एकेचाळीस नंबर. तोही साधा काळा नव्हे. सुवर्णपदकवाल्यांचा, पिवळ्या रेशमी पट्टीचा. इंजिनीअरिंगला पहिली आलेली मुलगी सकाळी तो घेऊन गेली होती. पत्त्याच्या जागी तिने लिहिलं होतं: बस डेपो, वर्कशॉप. डेपो मागच्या फाटकासमोरच. मामांनी वही बगलेत मारली आणि ते तरातरा निघाले.

वर्कशॉपच्या दारातच ते थबकले. जॅकवर चढवलेल्या बसपुढे एक आडदांड मेकॅनिक उभा होता. गाऊन त्याच्या खांद्यांवर, गळ्याशी हूक लावलेला. दोन्ही हात वर, पोलिसांनी पकडल्यासारखे. आणि कोपरापर्यंत ग्रीस.

“बाबा, हात खाली घ्या ना. फोटोत कसं दिसेल!”

“खाली घेतले तर लागतील याला. असाच काढ.”

“एकेचाळीस!” मामा ओरडले. त्यांना माणसं गाऊनच्या नंबरानेच लक्षात राहत.

मुलगी दचकली. “चुकलंच, मामा. पण बाबांना सुट्टी मिळाली नाही हो. दोन मेकॅनिक आजारी आहेत. म्हटलं, बाबा गाऊनपर्यंत येत नाहीत, तर गाऊनने बाबांपर्यंत यावं.”

मामांनी कॉलर उलटून पाहिली. पट्टी उजेडात धरली. घेर सगळा तपासला. एक ठिपका नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. मुलीने हूक सोडून गाऊन अलगद उतरवला.

“तुमचे तर असे ढीगभर फोटो असतील, मामा,” मेकॅनिक म्हणाला. हात अजून वरच होते.

“माझे कशाला? मी वाटणारा. अठ्ठावीस वर्षांत अंगाला लावला नाही एक!” मामा छाती काढून म्हणाले.

मेकॅनिकने मान हलवली. “हे काही बरोबर नाही. आम्ही बस स्वतः फिरवून बघितल्याशिवाय डेपोबाहेर सोडत नाही. आणि तुम्ही न बघता तीनशे सोडता?”

मामांनी मनातल्या मनात नियमावली चाळली. “लांबीला कसा होतो, एवढं बघू,” असं पुटपुटत मामांनी हात पुढे केले. मुलीने गाऊन चढवला. बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या. पट्टी मात्र मामांनी आरशाशिवाय सरळ केली. भोवती जमलेल्या कामगारांपैकी कुणीतरी रिकामा पिंप पान्याने बडवला, मग सगळ्यांनीच.

“दोन शब्द, साहेब! दोन शब्द!”

मामांनी घसा खाकरला. “गाऊन,” ते म्हणाले, “कडक उन्हात वाळवू नयेत.” डोळ्यांना बाही लावणार होते, ती कुणाची आहे हे आठवून थांबले.

हशा असा उसळला, की इतका वेळ हात वर धरून उभा राहिलेला बाप ते विसरला आणि मामांना कडकडून भेटला.

पिंप थांबला. पिवळ्या पट्टीवर पाच बोटं उमटली होती.

“दंड मी भरते, मामा,” मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

मामांनी वही उघडली. “गाऊन कुणाच्या अंगात होता?”

“तुमच्या. पण मामा…”

“वापरणाऱ्याने भरायचा. नियम तिसरा.” आणि त्या कोऱ्या रकान्यात त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: डाग एक, बोटं पाच, दंड भांडारपालाकडून वसूल. वही मिटली, पट्टी पुन्हा सरळ केली. “हं, आता काढ फोटो. तुझ्या बाबांनाही घे.”

प्रशस्तिपत्र अर्थातच गेलं. “अहो, रॉकेलने निघाला असता डाग! कुणाला कळलं असतं?” म्हणून कुलसचिव हळहळले.

चौकट काही रिकामी राहिली नाही. फोटो भिंतीवर चढला, तेव्हा बायको फडकं घेऊन पुढे झाली. “पट्टीवर हे काय लागलंय हो?”

“पुसू नकोस,” मामा म्हणाले. “पैसे मोजलेत मी त्याचे.”