बातम्यांचा तास

नोकरी कायम होणार की नाही, ते या एका तासावर ठरणार होतं. इंग्रजीच्या नव्या बाईंचा तास बघायला मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले. मुलांना बोलतं करायला बाईंनी वर्गाची न्यूजरूम केली होती. प्रत्येकाने घरात कानावर आलेली एक खरी बातमी इंग्रजीत वाचायची होती. पण मुख्याध्यापकांना पाहून अख्ख्या नववीची दातखीळ बसली.

बाई हातापाया पडायच्याच बाकी होत्या. शेवटी संस्थाचालकांची मुलगी उठून फळ्यापाशी आली. वर्षभरात तिने वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं.

"अवर स्कूल विल क्लोज धिस समर," तिने चाचरत वाचलं.

बाईंच्या जिवात जीव आला. चूक एवढीशी होती आणि ती प्रेमाने सुधारून दाखवायची आयती संधी चालून आली होती.

"छान! फक्त एक सांगू? उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा दरवर्षीच बंद होते ना? मग नेहमीची गोष्ट सांगताना साधा वर्तमानकाळ. अवर स्कूल क्लोजेस. म्हण बघू."

मुलगी बाईंच्या खांद्यावरून मागच्या बाकाकडे बघत राहिली. बाईंनीही वळून पाहिलं. मुख्याध्यापकांची मान खाली गेली होती.

 

"राहू द्या, बाई," ते हळूच म्हणाले, "तिचा भविष्यकाळ बरोबर आहे."