कुठे थांबायचं

दोन राण्यांपायी सुयश लोपीसने उद्याच्या जेवणाचं आमंत्रण जवळजवळ पाण्यात घालवलं. दोघी राण्या इंग्लंडच्या, आणि दोघींनाही मरून चारशे वर्षं होऊन गेलेली.

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक तरुणांचा एकत्र ग्रुप जमायचा. त्यात मराठी दोघंच. वसईचा सुयश, कॅथलिक, इथे इंजिनिअर. आणि नगरची विनया साळवे, प्रॉटेस्टंट, इथे नर्स. आठ शनिवारांची ओळख आणि ऑर्कुटवरची मैत्री, एवढंच भांडवल. आज चहा ओतताना सुयशने धीर करून विचारलं होतं, "आई बुधवारी वसईला परत चाललीय. उद्या जेवायला येशील? तिला तुला भेटायचंय."

"निघताना सांगते," विनया कपात बघत म्हणाली होती. नाही म्हणाली नव्हती. सुयश तेवढ्यावरच खूश होता.

मग सिओनेने, ग्रुप चालवणाऱ्या सामोआ बेटांवरच्या मुलाने, गेल्या शनिवारीच सांगून ठेवलेला विषय काढला. इंग्लंडात धर्मावरून जे झालं, त्यात जास्त वाईट कोण, कॅथलिक मेरी की प्रॉटेस्टंट एलिझाबेथ? बाकीच्यांनी बिस्किटं खात खात दोघींना माफ करून टाकलं. या दोघांनी मात्र एकमेकांवर छाप पाडायला आठवडाभर लायब्ररीतून पुस्तकं आणून तयारी केली होती.

"मेरीने आमची जवळजवळ तीनशे माणसं जाळली," विनया म्हणाली.

"आणि एलिझाबेथने आमच्या फादरांची जिवंतपणी आतडी काढली."

आमची, आमच्या. साळव्यांच्या किंवा लोपिसांच्या सात पिढ्यांत कोणी लंडन पाहिलं नव्हतं. रागाच्या भरात दोघं मराठीवर कधी घसरले तेही त्यांना कळलं नाही. बाकीचे टेनिस बघावं तसे इकडून तिकडे माना वळवत बसले.

"यॉर्कला एका कसायाची बायको होती," सुयश म्हणाला. "घरात फादर लपवायची, म्हणून तिला पकडलं. तिच्याच घराचं दार काढून तिच्या अंगावर ठेवलं आणि मरेपर्यंत वर दगड रचले. पोटुशी होती म्हणतात. सांग आता!"

शेवटचे दोन शब्द जरा जोरातच निघाले. जिंकलेल्या माणसाचे.

विनया म्हणाली, "डर्बीला एक आंधळी मुलगी होती. बावीस वर्षांची. मोजे विणून तिने बायबलचा नवा करार विकत घेतला. वाचता येईना, म्हणून भेटेल त्याच्याकडून एकेक पान वाचून घ्यायची. तिलाही जाळली." तिचा आवाज चिरकला. "माझ्या आजीलाही दिसत नव्हतं. रोज रात्री मी वाचून दाखवायचे."

सुयशच्या जिभेवर उत्तर तयार होतं, तारखेसकट. ते त्याने गिळलं.

"नाव काय होतं?"

"आजीचं?"

"दोघींचं."

"तिचं जोन. आजीचं मंदाकिनी." विनया उठली, रिकामे कप गोळा केले आणि सिंककडे गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. जिंकलास रे लोपीस, सुयश मनात म्हणाला, आता उद्या आईशेजारी एकटाच जेव. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"ओके, प्रेयर!" सिओने म्हणाला.

ग्रुपचा रिवाज असा, की शेवटी गोल करून उभं राहायचं आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणायची. सामोअन, माओरी, इंग्रजी, सगळं एकदम. मराठीतले दोघं म्हणून सुयश आणि विनया शेजारी उभे राहायचे. वसईच्या आणि नगरच्या शब्दांत थोडा फरक, तो ते सांभाळून घ्यायचे. शेवट तेवढा जमत नसे. वाइटापासून सोडव, असं मागून झालं की सुयश आमेन म्हणायचा. त्याच्या घरी प्रार्थना तिथेच संपते. विनयाच्या घरी पुढे आणखी एक ओळ आहे, राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचंच असल्याची. आजवर प्रत्येक शनिवारी ती ओळ तिने एकटीने म्हटली होती.

आज ती शेजारी येईल की नाही, याचीच सुयशला धास्ती होती. ओले हात जीन्सला पुसत ती आली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली.

प्रार्थना सुरू झाली. क्षमेच्या ओळीला दोघांचेही आवाज जरा खाली गेले. मग सुयशची थांबायची जागा आली आणि तो थांबला नाही. विनयाची ओळ त्याने सुरू केली. दोन शब्द झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण एकटेच म्हणतोय. विनया आमेन म्हणून मोकळी झाली होती, त्याच्या थांबायच्या जागी.

आता मध्येच सोडणार कशी? घसा खाकरून त्याने ओळ पुरी केली. सिओनेने एक डोळा उघडून पाहिलं.

विनया हसू दाबत होती आणि ते दाबलं जात नव्हतं. "उद्या किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेबारा."

"जेवणाआधी प्रार्थना कोण म्हणतं तुमच्याकडे?"

"आईच. हीच प्रार्थना. आम्ही तिच्या मागून."

विनयाचं हसू ओसरलं. "मग त्यांच्यासमोर मी कुठे थांबू?"

"थांबू नकोस," सुयश म्हणाला. "ती ओळ आता मलाही पाठ आहे."