वापरात: एक

नेटवर्कचा भाग ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातून सुटा करायला शालिग्राम सरांना आठ महिने लागले होते. आता चालू मशीनमध्ये तो हवा तेव्हा घालता यायचा, हवा तेव्हा काढता यायचा. अट एकच: कुणी वापरत असेल, तर तो निघायचा नाही.

आणि आज, धुळ्याच्या कॉलेजात, मे महिन्याच्या भर दुपारी, तो निघेना. पडद्यावर एकच ओळ होती: ‘वापरात: एक’.

सरांनी लॅबमधली बाकीची सगळी मशीनं बंद केली. तरी एक. संतापून त्यांनी नेटवर्कची केबलच उपसली. तरी एक.

“कोन शे तठे?” रागाच्या भरात ‘कोण आहे तिथे’ हे त्यांच्या तोंडून घरच्या अहिराणीत निघालं. “माझ्या आठ महिन्यांची चेष्टा लावलीय! हमीदा मॅडम, कुणाला आत घेतलंत तुम्ही?”

लॅब सांभाळणाऱ्या हमीदा मॅडमही भडकल्या. “मी कशाला घेऊ? चपला बाहेर काढल्याशिवाय इथे कुणी पाऊल टाकत नाही. बाहेर आपल्या दोघांचेच जोड आहेत, दाखवते तुम्हाला!”

त्यांनी तणतणत दार उघडलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“सर, तीन आहेत.”