चौथं चाक

धारवाड बारा किलोमीटर राहिलं आणि दिगंबररावांनी झोपायची सोय असलेली आपली कॅम्पर गाडी पुन्हा रस्त्याकडेला घेतली. सकाळपासून तिसऱ्यांदा. मागच्या पलंगाखालून हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर ओढून काढत ते भर उन्हात चाकापाशी उकिडवे बसले.

“पस्तीस हवी, चाळीस दाखवतंय,” ते पुटपुटले आणि हवा सोडू लागले.

“अहो, चाकं तापलीत,” शरयूताई खिडकीतून म्हणाल्या. तीस वर्षं त्यांनी नर्सची नोकरी केली होती. “जिना चढून आलेल्याचं बीपी लगेच मोजतात का? मगाशीही अशीच सोडलीत आणि गार झाल्यावर परत भरत बसलात.”

दिगंबररावांना ते कळत होतं. पण तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाला ते हट्टाने गेले नव्हते, आणि आज तिच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते कोल्हापूर सोडल्यापासून सुचत नव्हतं.

फोन वाजला. शरयूताईंनी तो स्पीकरवर टाकला.

“आई, भात गार झाला. कुठं अडकलात?”

“तुझे बाबा चाकं तपासतायत.”

पलीकडे लेकीने भातावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

“त्यांना म्हणावं, ते यंत्र घेऊन लवकर या. माझ्या स्कूटरचं मागचं चाक आठ दिवस बसलंय. कोपऱ्यावर हवावाला आहे, पण मी नेली नाही.”

दिगंबररावांनी नळी गुंडाळली. तीन चाकं बघून झाली होती. चौथं तसंच ठेवून त्यांनी गाडी सुरू केली.