फरशी
मिहानजवळच्या गावात शाळेच्या जागेवरून दोन वर्षं भांडण पेटलं होतं. नव्या लेआउटवाल्यांना शाळा तिकडे हवी, जुन्या गाववाल्यांना इकडे. मधोमध डोमाजींच्या मालकीचं मैदान, पण सरपंच इंदुताईंनी विषय काढला की म्हातारबुवा एकच विचारायचे, "मंग पोट्ट्यांचा तान्हा पोळा कुठं भरन?" आज तान्ह्या पोळ्याला दोन्हीकडची पोरं सजवलेले लाकडी बैल ओढत तिथंच जमली. बक्षीस द्यायला डोमाजी फेटा बांधून खुर्चीत बसले होते. लेआउटमधल्या एका पोरीचा बैल चिखलात रुतला, तशी गावातली पोरं धावली. चाक काही हलेना. अखेर डोमाजींनीच धोतर खोचलं, चिखलात उतरून बैल उचलला आणि आपल्याच खुर्चीवर ठेवला. पोट्ट्यांनी एकच कल्ला केला. चिखलाचे हात पुसत ते इंदुताईंकडे वळले. "ताई, इथं बैलाचे चाकं रुतून राहिले. शाळेच्या आंगणात फरशी टाकजा."