तिसरं माणूस

वादळानंतर बेटावरचे फोन बंद होते. किनाऱ्यावरच्या धक्क्यावरून तिकडे जायच्या त्या फक्त बिनखलाशाच्या बोटी. बेटावरच्या तान्ह्या बाळापासून सगळ्या माणसांच्या मनगटातल्या पट्ट्या वाचून उपग्रह घरोघरची यादी पाठवायचा आणि हेमांगी तारी खोकी भरायची.

आज यादीत तिच्या लेकीच्या, रेवतीच्या घरापुढे दोनऐवजी तीन माणसं होती. तिसऱ्याचं वजन तीन किलो शंभर ग्रॅम.

"मुलगा की मुलगी?" तिने मुकादमाला विचारलं.

"ते कळत नाही, काकी. यादीत फक्त गरजा येतात."

"मग मलाच बोटीत बसव. तिला माझी गरज नाही होय रे?"

"माणूस चढलं तर बोट सुरूच होत नाही, काकी."

यादीत सहा दुपटी होती. हेमांगीने एकेक दुपटं ऊब येईपर्यंत गालाशी धरलं आणि मगच खोक्यात ठेवलं.